हिवाळा संपत आला की जीव जास्त का उबगतो?

प्रश्न थोडक्यात असा होता: "डिसेंबर मी व्यवस्थित काढला. जानेवारीही रेटला. आता फेब्रुवारी संपत आलाय, दिवस मोठे होतायत हे डोळ्यांना दिसतंय, आणि नेमकं आत्ताच सकाळी उठवत नाही. माणसं नकोशी झाली आहेत. खिडकीबाहेरचा तो काळपट बर्फ बघितला की रडूच येतं. हे असं उलटं का? इतक्या उशिरा तो प्रकाशाचा दिवा आणून काही उपयोग आहे का? की सरळ आठवडाभर कुठेतरी उन्हात जाऊन यावं?"

लांब हिवाळ्याच्या प्रदेशात मानसोपचाराचं काम करता करता मला वीस वर्षं होऊन गेली. तुमच्यात उलटं काहीच नाही. वर्षातल्या सगळ्यात काळोख्या आठवड्यात माझ्याकडे फारसं कोणी येत नाही. लोक येतात ते त्यानंतर दोन महिन्यांनी, "आता काय, संपलाच की हिवाळा" असं जो तो एकमेकांना सांगत असतो तेव्हा. आणि येताना बहुतेकांना थोडी लाजही वाटत असते. अंधारात टिकलो आणि उजेड यायला लागल्यावर कोसळलो, याची.

अंटार्क्टिकावरच्या तळांवर, पाणबुड्यांत, अशा कोंडून राहण्याच्या ठिकाणी लोकांचं काय होतं याच्या नोंदी बघून बेक्टेल आणि बर्निंग या दोन अभ्यासकांनी १९९१ साली एक निरीक्षण मांडलं. माणसाची सगळ्यात वाईट वेळ मुक्कामाच्या सुरुवातीला नसते, ऐन मध्यावरही नसते. अर्धी मुदत उलटून गेल्यावर, मुदतीच्या चार भागांपैकी तिसऱ्या भागात ती येते. पुढच्या अभ्यासांत हे दर वेळी सापडलं असं नाही, त्यामुळे मी याला नियम म्हणत नाही. पण कारण पटण्यासारखं आहे. सुरुवातीला अंगात जोर असतो, नवलाई असते. मध्यावर "अर्धं झालं" याचं समाधान असतं. त्यानंतर मात्र शेवट दिसायला लागतो आणि हाताला लागत नाही. मग माणूस आजचा दिवस जगणं सोडून देतो आणि वाट बघत बसतो. वाट बघताना मित्राला फोन होत नाही, फिरणं होत नाही, पडदा बदलायचा असतो तो बदलला जात नाही. सगळं "जरा हवा सुधारू दे" वर ढकललं जातं. मला विचाराल तर हिवाळ्याच्या शेवटाचं अर्ध्याहून जास्त दुखणं या वाट बघण्यात आहे. थंडीचा वाटा उरलेला.

उरलेल्यात थोडा दोष निसर्गाच्या हिशेबाचाही आहे. उजेड आणि ऊब एकाच वेळी परत येत नाहीत. ६० अंश उत्तर अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. फेब्रुवारी संपता संपता तो दहा तासांच्या वर जातो आणि आठवड्याला अर्ध्या तासाहून जास्त वाढत असतो. जमीन आणि समुद्र मात्र थंडी धरून बसलेले असतात, त्यांना तापायला वेळ लागतो. म्हणून पंचांगात दिवस मोठा झालेला असतो आणि अंगावर कोट तसाच असतो. (दक्षिण गोलार्धात असाल तर हे सगळं ऑगस्टमध्ये वाचा.) त्यात बर्फाची रया जाते ती याच दिवसांत. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या उजेडातला ८० ते ९० टक्के उजेड परत फेकतो, त्यामुळे ऐन हिवाळ्यात ढगाळ दिवशीही रस्ता उजळलेला वाटतो. तोच बर्फ महिनाभर तुडवून, धुरळा आणि मीठ खाऊन काळा पडला की निम्मा उजेडही परत देत नाही. खाली गेलेला कचरा वर येतो, डिसेंबरात हरवलेला एखादा हातमोजा चिखलात उताणा पडलेला दिसतो. तुम्हाला तो बर्फ बघून रडू येतं यात नाटक काही नाही.

आता उजेडाबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत.

डोळ्याच्या पडद्यात बघण्याच्या पेशींखेरीज आणखी एका जातीच्या पेशी असतात. त्या स्वतः उजेडाला प्रतिसाद देतात हे २००२ साली डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. या पेशींना चेहरे, अक्षरं यांच्याशी फारसं देणंघेणं नसतं. बाहेर किती उजेड आहे एवढी खबर त्या मेंदूतल्या घड्याळाला देतात, आणि ते घड्याळ झोप, भूक, शरीराचं तापमान यांच्या वेळा लावतं. सकाळचा उजेड या घड्याळाला पुढे ओढतो. तो मिळाला नाही तर घड्याळ मागे रेंगाळतं. गजर सातला वाजतो, पण शरीराच्या हिशेबी पहाटेचे चार वाजलेले असतात. "उठवत नाही" म्हणता ते बहुधा हेच.

गोम अशी की आपल्या डोळ्यांना उजेड मोजता येत नाही. बाहुली लहानमोठी होते, नजर जुळवून घेते, आणि दिवा लावलेली खोली आपल्याला चांगली लख्ख वाटते. एका फेब्रुवारीत मी प्रकाशमापक घेऊन माझीच खोली मोजली. पेशंटच्या खुर्चीवर १८० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). खिडकीच्या तावदानाला नाक लावून उभा राहिलो तेव्हा ९०० च्या आसपास. मग दार उघडून पायरीवर गेलो, आभाळ पूर्ण भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही, आणि आकडा ६,००० च्या पुढे गेला. मी दोनदा बटण दाबून खात्री केली. त्या १८० लक्समध्ये बसून मी इतकी वर्षं लोकांना उजेड घ्या म्हणून सांगत होतो! दुसऱ्या दिवशी खुर्च्या खिडकीशी सरकवल्या, आणि शक्य असेल त्या पेशंटशी पहिली पंधरा मिनिटं चालत बोलायला लागलो.

म्हणून दिव्याच्याही आधी पायरी. उठल्यापासून तासाभरात बाहेर पडायचं. अर्धा तास मिळाला तर उत्तम, पंधरा मिनिटं मिळाली तरी ती घ्यायची. गॉगल नको. आभाळ भरलेलं आहे ही सबब चालत नाही, आकडे वर दिले आहेत. फेब्रुवारीच्या शेवटी बहुतेक ठिकाणी तुम्ही उठता तेव्हा उजाडलेलं असतं किंवा उजाडत असतं. डिसेंबरात हे शक्य नव्हतं, आता आहे. हिवाळ्याच्या शेवटाची ही एक जमेची बाजू आहे, आणि वाट बघत बसलेला माणूस नेमकी तीच वाया घालवतो.

आता दिवा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, उशीर झालेला नाही. लागू पडणार असेल तर फरक बहुधा एकदोन आठवड्यांत कळतो, आणि खरी ऊब यायला तुमच्याकडे अजून सहाआठ आठवडे असतील. या उपायामागची गोष्ट मला आवडते. मुळात जोहान्सबर्गचे नॉर्मन रोझेन्थाल अमेरिकेत आल्यावर दर हिवाळ्यात आपण मंदावतो हे त्यांच्या लक्षात आलं. त्याच सुमारास हर्बर्ट कर्न नावाचे एक अभियंते आपल्या मनःस्थितीच्या अनेक वर्षांच्या नोंदी घेऊन संशोधकांकडे पोचले, आणि त्या नोंदींत ऋतू स्पष्ट दिसत होते. प्रखर उजेडाने माणसाच्या शरीरातलं मेलाटोनिन हे रात्रीचं, झोपेशी जोडलेलं संप्रेरक दबतं हे १९८० साली आल्फ्रेड लुई यांनी दाखवलेलं होतंच. कर्न यांना हिवाळ्यात पहाटे आणि संध्याकाळी प्रखर दिव्यासमोर बसवलं आणि थोड्याच दिवसांत ते सावरले. १९८४ साली रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी २९ पेशंटांवरचा लेख छापला. ऋतूबरोबर येणाऱ्या नैराश्याला 'सॅड' (सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर) हे नाव मिळालं ते तिथे.

दिवा १०,००० लक्सचा हवा, आणि तो आकडा किती अंतरावरचा आहे हे खोक्यावर बघून घ्यायचं. बहुतेकांची चूक इथेच होते. ३० सेंटिमीटरवर १०,००० देणारा दिवा खोलीच्या कोपऱ्यात ठेवला तर तो नुसता दिवा. सकाळी उठल्याउठल्या साधारण अर्धा तास, डोळे उघडे, पण त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. तो समोर जरा बाजूला ठेवायचा आणि आपण वाचत, खात बसायचं. संध्याकाळी लावलात तर रात्री टक्क जागे राहाल. डोकं दुखणं, डोळे चुरचुरणं असे त्रास होतात, ते अंतर वाढवल्यावर किंवा वेळ कमी केल्यावर बहुधा जातात. डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल, उजेडाने त्वचा किंवा डोळे हुळहुळे करणारी औषधं चालू असतील, किंवा तुम्हाला अथवा घरात कुणाला बायपोलर आजार असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. हे शेवटचं मी औपचारिकता म्हणून सांगत नाही. दिव्याने माणूस नैराश्यातून थेट उन्मादात गेलेला मी पाहिला आहे. आठ दिवसांत त्याने तीन कर्जांचे अर्ज केले होते.

दिव्याची तुलना गोळ्यांशीही झाली आहे. २००६ साली कॅनडात झालेल्या एका अभ्यासात ९६ पेशंटांपैकी निम्म्यांना १०,००० लक्सचा दिवा आणि निम्म्यांना फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध दिलं. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांत ६७ टक्के लोकांना गुण आला होता. म्हणजे आधीच गोळ्या चालू असलेल्यांनी त्या बंद करून दिवा आणायचा असं नाही. दोन्ही चालतात, एवढंच.

झोपेबद्दल मी जरा कडक आहे. या दिवसांत दहा दहा तास झोपून लोक आणखी दमतात. शनिवार-रविवारी साडेदहापर्यंत लोळलं की घड्याळ आणखी मागे जातं आणि सोमवार अंगावर येतो. उठण्याची वेळ एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशी फार तर तासभर उशिरा. झोपण्याची वेळ मी बांधून देत नाही, ती मागोमाग येते. जिथे उन्हाळ्यासाठी घड्याळं पुढे करतात तिथे आणखी एक दणका बसतो. अमेरिकेत मार्चचा दुसरा रविवार, युरोपात मार्चचा शेवटचा रविवार. कुठे सकाळ उजळायला लागलेली असते ती एका रात्रीत पुन्हा काळवंडते. त्या आठवड्यात महत्त्वाचं काही ठरवू नका, आणि आधीच्या चार दिवसांत रोज पंधरा मिनिटं लवकर उठा.

ड जीवनसत्त्व कमी असेल तर हाडांसाठी ते भरून काढाच. त्याने मन उजळेल याचा पुरावा मात्र तोकडा आहे. गोड आणि पिठूळ खावंसं वाटणं हे या दुखण्याचं लक्षणच आहे, त्याबद्दल स्वतःला कोसू नका. दारूने संध्याकाळ सरते आणि झोप नासते.

आता त्या वाट बघण्यावर काय करायचं ते.

माझ्याकडे एक शिक्षिका येत असत. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या रोज एक फुली मारायच्या, कैद्यासारखी. बोलता बोलता लक्षात आलं की दिवसभरात त्यांनी मनापासून केलेलं काम तेवढंच असायचं, फुली मारणं. फिरायला जा म्हटलं की "उद्यापासून". मग आम्ही सौदा केला. फिरायचं नाही. फक्त बूट घालायचे, नाड्या बांधायच्या, फाटकापर्यंत जायचं, फाटकाला हात लावायचा आणि परत यायचं. बस. फुली मारायची ती फाटकाला हात लावला म्हणून. पहिल्या आठवड्यात चार फुल्या झाल्या. तिसऱ्या आठवड्यात त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "एवढं सगळं अंगावर चढवून नुसतं फाटकापर्यंत जायला मूर्खासारखं वाटतं, म्हणून मी पुढे कोपऱ्यापर्यंत जाते." मी गप्प बसलो. अशा वेळी डॉक्टरने शहाणपणा करू नये.

यात युक्ती काही नाही. बरं वाटलं की करीन, असं म्हणणारा बसून राहतो. मन नसताना आधी अंग हलवावं लागतं, मन मागून येतं, रडतखडत का होईना. व्हरमाँट विद्यापीठातल्या केली रोहन यांनी हिवाळी नैराश्यासाठी बेतलेली बोलण्याची उपचारपद्धती नेमकी याच दोन गोष्टींवर चालते: हिवाळ्याबद्दलचे ठरीव विचार तपासणं, आणि हिवाळ्यातही करता येतील अशी आवडीची कामं ठरवून करणं. त्यांनी १७७ लोकांवर ही पद्धत आणि दिवा यांची तुलना केली. त्या हिवाळ्यात दोन्ही सारखेच. पण त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात दिवा मिळालेल्यांपैकी ४५.६ टक्के लोकांना नैराश्य परतलं, बोलण्याचे उपचार मिळालेल्यांपैकी २७.३ टक्के लोकांना. दिवा अडगळीत जातो, सवय आपल्याजवळ राहते, असा मी त्याचा अर्थ लावतो.

तुम्ही एवढं करा. उरलेल्या आठवड्यांतला एकेक आठवडा घ्या आणि त्यात एक गोष्ट अशी ठरवा जी हवेवर अवलंबून नाही आणि जिच्यात दुसरा माणूस आहे. दुसरा माणूस महत्त्वाचा, कारण आपण आपल्याला सहज टांग देतो, दुसऱ्याला देताना थोडी लाज वाटते. "माणसं नकोशी झाली आहेत" म्हणता, तर मोठा जमाव टाळा. एकच माणूस, तासभर, शेजारी शेजारी चालत. समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा ते सोपं जातं. आणि घरातली एक जागा बदला. खिडकी आतबाहेर पुसा, हिवाळ्याची काजळी उजेड खाते. टेबल तिच्याजवळ ओढा.

उजेडाची भूक काही नवी नाही. १८९८ साली 'बेल्जिका' हे जहाज अंटार्क्टिकाजवळच्या बर्फात अडकलं आणि खलाशांना दोन महिन्यांहून जास्त सूर्य दिसला नाही. डॉक्टर होते फ्रेडरिक कुक. माणसं खचत चालली, काही भ्रमिष्टासारखी वागायला लागली, तेव्हा ते एकेकाला धगधगत्या शेगडीसमोर कपडे काढून तासभर बसवायचे, पेंग्विन आणि सीलचं ताजं मांस खायला लावायचे आणि जहाजाभोवती बर्फावर फेऱ्या मारायला धाडायचे. मांसाने स्कर्व्ही हटली, शेगडीने नेमकं काय केलं यावर वाद घालता येईल. पण उजेड, अन्न, चालणं आणि कुणीतरी आपली चौकशी करतंय ही जाणीव, यापेक्षा वेगळं मीही आज काही सांगत नाही. नॉर्वेतल्या ऱ्यूकान या दरीतल्या गावात हिवाळ्याचे पाचसहा महिने ऊन उतरतच नाही. १९२८ साली तिथे लोकांना डोंगरावर उन्हात नेण्यासाठी रोपवे बांधला. २०१३ मध्ये गावाच्या ४५० मीटर वर सूर्यामागे फिरणारे तीन आरसे बसवले आणि चौकात उन्हाचा एक तुकडा पाडला. आरशांची कल्पना त्याआधी शंभर वर्षं तिथे बोलली जात होती.

इथपर्यंतचं सगळं मरगळीसाठी आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळपास रोज मन पडलेलं आहे, कशातच रस नाही, कामं अडायला लागली आहेत, किंवा दोनतीन हिवाळे हे असंच घडतंय, तर डॉक्टरांकडे जा, वसंताची वाट बघू नका. आणि मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा: घरातलं माणूस, डॉक्टर, तुमच्या भागातली मदतवाहिनी. हे या ऋतूत मी मुद्दाम बोलतो. आत्महत्या ऐन काळोखात जास्त होतात असं लोक समजतात. अनेक देशांच्या नोंदींत त्यांचं प्रमाण वसंतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर वाढलेलं दिसतं. एक शक्यता अशी सांगतात की अंगात बळ आधी येतं आणि मन उशिरा सावरतं. घरात कुणी हिवाळाभर खचलेलं असेल तर पहिलं ऊन पडलं म्हणून त्याच्यावरचं लक्ष काढू नका.

राहिली सुट्टी. जमत असेल तर जा, मी कुणालाही उन्हापासून अडवत नाही. पण परतल्यावर काही दिवसांतच पहिले पाढे पंचावन्न होतात, आणि तो धक्का जाण्याआधीच्या मरगळीपेक्षा मोठा वाटतो. म्हणून परतल्याच्या दुसऱ्याच सकाळी पायरीवर उभं राहायचं हे जाण्याआधीच ठरवा, आणि त्या आठवड्याचं चालणं एखाद्या मित्राच्या गळ्यात आधीच बांधून ठेवा. पैशांची ओढाताण करून जाणार असाल तर नका जाऊ. कर्ज फेडायला मार्चच उरतो.

दिवा आणलात तर पहिल्या बऱ्या दिवशी तो बंद करू नका. दर वर्षी तुम्हाला आपोआप ज्या सुमाराला बरं वाटायला लागतं तिथपर्यंत चालू ठेवा. आणि आवरून ठेवताना पुढच्या शरद ऋतूतल्या स्वतःला एक चिठ्ठी लिहा, आत्ता, सगळं ताजं असताना. माझी कोटाच्या आतल्या खिशात असते, थंडी पडली की हाताला लागते. गेल्या वर्षीची अशी आहे: "दिवा जिन्याखालच्या खोक्यात. वायर वेगळी ठेवली आहेस, बुटांच्या डब्यात. १५ ऑक्टोबरपासून लाव, नोव्हेंबरची वाट बघू नकोस, दर वर्षी बघतोस. आणि डावा बूट गळतो."